एसटीचे सात टायर

एसटीला रस्त्यावर टेकणारे टायर सहा असतात. पुढं दोन, मागं जोडीजोडीनं चार. सातवा स्टेपनी. हे कुणालाही माहीत असतं, मलाही होतं. पण सात टायर म्हणजे एकच वस्तू सात वेळा, आणि सातही वेळा तशीच करायची, हे डोक्यात शिरलं ते तिसरा टायर हातानं कापताना. पहिला जरा जाड झाला होता, दुसरा अंडाकृती, आणि तिसऱ्याच्या खाचा मोजल्या तर पहिल्यापेक्षा चार कमी. तिन्ही टेबलावर ओळीनं ठेवले आणि दिवा बंद करून खाली झोपायला गेलो.

मी एसटीची मॉडेलं करतो. सनबोर्ड, म्हणजे हलका फोमचा प्लॅस्टिक बोर्ड, कापून, चिकटवून, रंगवून. दिवसा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत हिशेबाची नोकरी, रात्री जेवण झालं की गच्चीवरची पत्र्याची खोली. प्रमाण १:२४. ज्या चासीवर आपली लालपरी बांधतात तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, २२२ इंच, बसवाले त्याला नुसतं ‘टू ट्वेंटी टू’ म्हणतात. माझ्या टेबलावर तो २३५ मिलिमीटर होतो आणि अख्खी गाडी दीड फुटाची. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांत खऱ्या गाड्या बांधतात तेव्हा चासी टाटाकडून किंवा लेलँडकडून टायरांसकट येते. आमच्या कार्यशाळेत ती सोय नाही. सुरुवातीला मी खेळण्यातल्या ट्रकचे टायर काढून लावायचो. पण एसटीवेडी पोरं गाडी बघायला आली की आधी खालीच वाकतात. ‘दादा, टायर ट्रॅक्टरचे वाटतायत,’ असं एका नववीतल्या पोरानं सांगितल्यावर तो मार्ग बंद झाला.

शिवाय बाकडी. मागचं सलग बाकडं सोडलं तर दोन-दोनची वीस बाकडी माझ्या गाडीत बसतात. एका बाकड्याला पाऊण तास धरला तरी पंधरा तास नुसते बसायच्या सोयीत गेले. म्हणून ठरवलं, एकच बाकडं आणि एकच टायर जीव तोडून करायचा, त्याचा सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि पुढचं सगळं रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या पातळ प्लॅस्टिकमध्ये, ओतायचं. मे महिना होता. वाटलं, जूनपर्यंत उरकेल.

टायरचा मास्टर, म्हणजे साचा घ्यायचा तो मूळ नमुना, कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाला. एसटीच्या १०.००-२० मापाच्या टायरचा व्यास एकशे पाच सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे माझ्याकडं ४४ मिलिमीटर. आत रिमचं भोक २१. ओळखीच्या लेथवाल्याकडं नायलॉनचा रॉड घेऊन गेलो. ऑइल इंजिनाचे पार्ट काढणाऱ्या लेथवर त्यानं पंधरा मिनिटांत ती चकती काढली, दोन्ही बाजूंना गोलाई दिली, आणि पैसे विचारल्यावर म्हणाला, गाडी झाली की दाखवायला आण. खाचा मात्र मी घरी पाडल्या, हॅकसॉ ब्लेडच्या तुटक्या तुकड्यानं, कागदी पट्टीवर खुणा करून ती भोवती गुंडाळून. शेवटून तिसऱ्या खाचेला ब्लेड घसरलं. खाच तिरकी गेली आणि कडेला जरा खोच पडली. पुट्टी भरून परत कापायला हवी होती. रात्रीचे साडेबारा झाले होते. म्हटलं, रंगाखाली जाईल.

आता सिलिकॉन. आपल्याकडं ज्याला आरटीव्ही रबर म्हणून मागायचं ते घट्ट दह्यासारखं पांढरं असतं, सोबत हार्डनरची छोटी बाटली येते. हे झालं टिनवालं, म्हणजे कथिलाच्या संयुगावर घट्ट होणारं. दुसरं प्लॅटिनमवालं, ते महाग, आकसत जवळपास नाही, टिकतंही जास्त, पण सोवळं फार पाळतं. गंधक असलेली खेळायची माती, रबरी लॅटेक्सचे हातमोजे, नीट न सुकलेली थ्रीडी प्रिंटची रेझिन, यातलं काहीही लागलं की तेवढा भाग चिकटच राहतो, कितीही दिवस ठेवा. घरी, पोराच्या डब्यातली माती वापरून काम करणाऱ्याला टिनवालं बरं. मी ते किलोभर आणलं, हजाराच्या आसपास पडलं.

हार्डनर शंभराला तीन ग्रॅम. दोनशे ग्रॅम रबराला सहा ग्रॅम, आणि इथं स्वयंपाकघरातला काटा उपयोगाचा नाही. तो ग्रॅममध्ये बोलतो, त्याचं सहा म्हणजे साडेपाच की साडेसहा हे त्यालाच ठाऊक. गुजरीत सोनारांकडं असतो तसला, दशांशात दाखवणारा छोटा काटा मी घेतला. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू तीच.

टायर गोल, दोन्ही बाजूंना नक्षी, म्हणून दोन भागांचा साचा करायचा असं मी ठरवलं. सनबोर्डाची पेटी केली, ग्लू गननं कोपरे बंद केले. तळाला माती थापून टायर त्यात बरोबर अर्धा रुतवला. चार कोपऱ्यांना गोटीनं दाबून खळगे केले, म्हणजे वरचा आणि खालचा भाग नंतर जागच्या जागी बसावा. रबर ढवळलं, आधी ब्रशनं खाचाखाचांत भरलं, मग पेटीच्या एका कोपऱ्यात उंचावरून दोऱ्यासारखी धार सोडली. धार बारीक असली की बुडबुडे पडता पडताच फुटतात, आणि एका जागी ओतलं की रबर आपल्या आपण पसरत हवा पुढं ढकलत जातं. हे मी वाचलं होतं आणि ते खरं निघालं. रात्रभर ठेवलं. सकाळी पेटी उलटी करून माती काढली, टायर पुसला, वरून दुसरा थर ओतला आणि खुशीत ऑफिसला गेलो.

संध्याकाळी पेटी सोडवली. हातात आली ती साबणाच्या मोठ्या वडीसारखी एकसंध पांढरी वीट. जोड कुठंच दिसेना. हे सिलिकॉन सहसा कशाला चिकटत नाही, म्हणून तर साच्याला वापरतात. ते घट्ट चिकटतं ते सिलिकॉनला. पहिल्या थरावर पातळ व्हॅसलीन लावल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही, ही ओळ मी स्वतःच्या हातानं वहीत लिहून ठेवली होती. वही टेबलावर उघडीच होती.

ती वीट घेऊन मी अण्णांकडं गेलो. अण्णा आमच्या गल्लीत राहतात. उभी हयात फाउंड्रीत पॅटर्न करण्यात गेली. बिडाच्या ओतकामासाठी आधी लाकडाची हुबेहूब वस्तू करावी लागते, तो पॅटर्न. वाळूच्या पेटीत तो दाबायचा, काढायचा, राहिलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. अण्णांकडं अजून त्यांची जुनी फूटपट्टी आहे; तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा सेंटिमीटरभर मोठा, कारण बीड थंड होताना शंभराला एक आकसतं. पट्टीच तशी असली की हिशेब करावा लागत नाही. मला ती पट्टी पहिल्यांदा दिसली तेव्हा वाटलं होतं, छापताना चुकली असेल.

अण्णांनी वीट हातात फिरवली, अंगठ्यानं दाबली.

‘आत काय हाय?’

‘टायर. एसटीचा.’

‘पार्टिंग कुठं धरलंस?’

साच्याचे दोन भाग जिथं सुटणार ती रेघ मी बोट फिरवून दाखवली, बरोबर मधोमध.

‘का?’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. व्हिडिओत तसं होतं, हे सांगायची लाज वाटली.

‘पॅटर्न हातात आला की आमी पहिल्यांदा काय इचारायचो? ह्यो सुटणार कुठनं. मग बाकीचं. तू आधी ओतलंस आणि मग इचार कराय बसलास.’ मग त्यांनी विचारलं, ‘गाडी हुबी ऱ्हायली की टायरची आतली बाजू कुणाला दिसतीय?’

‘कुणालाच नाही.’

‘मग तिच्यापायी दुसरी पेटी कशाला?’

एवढंच. पुढच्या दोघांची आतली बाजू चासीकडं, मागच्या जोडीच्या आतल्या बाजू एकमेकांकडं किंवा अंधारात, स्टेपनी तर पडद्यामागं. टायर आडवा, आतल्या अंगावर तळाला चिकटवायचा आणि वरून एकदाच रबर ओतायचं. वरून उघडा असा एकाच भागाचा साचा. माती नाही, गोट्या नाहीत, व्हॅसलीनही नाही. रबर अर्ध्याहून कमी लागलं.

पण अण्णांना एक शंका होती. खाचा कडेला आहेत, टायर सरळ वर ओढला तर खाचांत शिरलेलं रबर अडणार. वाळूत असं चालतच नाही. वाळूचा पॅटर्न कडेनं जरासा उतरता ठेवतात, नाहीतर ओढताना कोपरे ढासळतात. म्हणून दुसऱ्या दिवशी साचा उघडताना ते मुद्दाम जिना चढून वर आले. मी साच्याच्या भिंती अंगठ्यांनी बाहेर वाकवल्या, खालून बोटं लावली, तसा रबराचा काठ खाचेखाचेतून सुटत गेला आणि टायर टपकन वर आला. भिंती परत जागेवर. आत प्रत्येक खाच उलटी, धारदार. अण्णांनी तो टायर परत साच्यात बसवला आणि स्वतः काढला. परत बसवला, परत काढला. तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणाले, ‘वाळूला असं कुठलं जमायला.’

अडकलेला मास्टर सोडवायला ती वीट मी सर्जिकल ब्लेडनं कापली होती. कापलेलं रबर टाकलं नाही. त्याचे बारीक तुकडे पुढच्या साच्यांत, नक्षीपासून लांब, भर म्हणून घातले. सिलिकॉन सिलिकॉनला चिकटतं, हा गुण तिथं कामाला आला.

साचा मिळेपर्यंत जून संपला. मग ओतायचं काय, हा प्रश्न. दुकानदारानं आधी फायबरची रेझिन पुढं केली, तीच ती पॉलिएस्टर, पाण्याच्या टाक्यांना आणि गाड्यांच्या बंपरला वापरतात ती. सगळ्यात स्वस्त. वास इतका उग्र की पहिल्याच दिवशी खालच्या मजल्यावरून निरोप आला. तिच्यासोबत दोन बाटल्या असतात, जांभळट कोबाल्ट आणि पाण्यासारखा हार्डनर. त्या दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळायचा, मग हार्डनर. दुकानात हे कुणी सांगितलं नाही, डब्यावर बारीक अक्षरात होतं. मी तो डबा फायबरचं काम करणाऱ्या एका मित्राला देऊन टाकला.

दुसरी पॉलियुरेथेन. दोन डबे, समसमान मिसळायचे, दोन-तीन मिनिटांत ओतून मोकळं व्हायचं, आणि वीस-पंचवीस मिनिटांत वस्तू हातात. सात टायर एका संध्याकाळी. मी हीच घेतली.

आणि घेतली जुलैत. बाहेर कोल्हापूरचा पाऊस, पंचगंगा पात्राबाहेर, राजाराम बंधारा पाण्याखाली, पत्र्यावर असा आवाज की फोनवर बोलता येऊ नये. टायरला रेझिन किती लागेल हे बघायला मी साच्यात पाणी भरलं, सिरिंजनं ओढून मोजलं. चौदा मिली भरलं. साचा फडक्यानं पुसला. दोन्ही डब्यांतून सात-सात मिली घेतलं, काळा रंग दोन थेंब, कागदी कपात आइस्क्रीमच्या काडीनं ढवळलं, ओतलं. मिनिटभर सगळं शांत होतं. मग पृष्ठभाग हलला. मधोमध फुगवटा आला, साच्याच्या काठावर चढला आणि इडलीपात्राचं झाकण उघडल्यावर दिसावं तसं ते काळं काहीतरी फुगून बसलं. बोटानं दाबलं तर कुरकुर आवाज. मधून कापलं तर आत पाव.

वाटलं, प्रमाण चुकलं. दुसऱ्यांदा काट्यावर मोजून केलं. परत पाव, जरा कमी फुगलेला. तिसराही तसाच. आता डब्यावर राग काढण्यावाचून काही उरलं नव्हतं.

अण्णांनी तिन्ही टायर फोडलेले बघितले आणि क्षणभरही विचार न करता म्हणाले, ‘ओल हाय.’

‘कसली ओल? साचा पुसलाय.’

‘वाळूत पाणी जास्त झालं आणि तापलेलं बीड वतलं की वाफ हुतीया. वाफंला जायाला जागा घावली न्हाई की कास्टिंगच्या पोटात भोकं. ब्लो होल म्हणत्यात. ह्ये तसलंच दिसतंय.’

कारण वेगळं होतं, निदान बरोबर. इथं वाफ होत नाही. पॉलियुरेथेनच्या एका डब्यात आयसोसायनेट असतं, त्याला पाण्याचा थेंब मिळाला की दोघांतून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. गादीचा फोम करताना हीच गोष्ट मुद्दाम घडवतात. माझ्याकडं पाणी चार वाटांनी येत होतं. खाचांच्या तळाशी फडकं पोचलं नव्हतं. कागदी कप सर्दावलेला. काडी सर्दावलेली. आणि डबा मी उघडा टाकून रंगाची बाटली शोधत बसायचो, तेवढ्या वेळात पावसाळी हवा आत. दोन-तीन दिवसांनी बघितलं तर डब्यात आतल्या कडेला पापडी धरली होती. सहाशे रुपये गेले.

त्यानंतर साच्यात पाणी कधी घातलं नाही. तांदूळ घालतो, ते ओतून मापात मोजतो. बाकड्यासारख्या बारीक साच्याला मोहरी. घरात विचारणा झाली की सांगतो, परत डब्यातच टाकतोय. टाकत नाही अर्थात. रेझिन लागलेल्या साच्यातलं धान्य खायचं नाही, एक वाटीभर तांदूळ आता कायमचे गच्चीवर राहायला गेलेत.

ऑगस्टमध्ये इपॉक्सी करून बघितली. दागिने आणि टेबलांवर ओततात ती पारदर्शक. तिला ओलीचं एवढं वावडं नाही, दमट हवेत वर तेलकट पापुद्रा येतो पण तो साबणाच्या पाण्यानं निघतो. तिची गंमत मापात आहे. बाटलीवर दोनास एक लिहिलेलं असतं, ते मापानं की वजनानं हे नीट वाचायचं. माझी मापानं होती. रेझिन जड, हार्डनर हलका, म्हणून शंभर ग्रॅम रेझिनला काट्यावर पन्नास ग्रॅम हार्डनर घेतला तर तो जास्त पडतो आणि टायर आठवडाभर ओल्या गुळासारखा मऊ. एका टायरला अख्खा दिवस लागतो. सातला सात दिवस, बुडबुड्यांसकट. हे टाळायला एकदा मी वेगवेगळ्या वस्तूंसाठी एकदम मोठा कप कालवला आणि ओतायच्या आधी फोन आला. परत आलो तर कपातून धूर. इपॉक्सी घट्ट होताना तापते, पसरलेली असली की उष्णता निघून जाते, कपात कोंडली की वाढतच जाते. प्लॅस्टिकचा कप कमरेतून वाकला होता. चिमट्यानं धरून गच्चीच्या पन्हाळीखाली ठेवला. तेवढा एकदा पाऊस बरा वाटला.

ही रसायनं अंगावर घेऊ नयेत. इपॉक्सी कातडीला लागत राहिली तर एक दिवस अंगावर पुरळ येतं आणि मग ते प्रत्येक वेळी येतं. आयसोसायनेटची वाफ फुप्फुसाला वाईट. नायट्राइलचे मोजे, गाळणीचा मास्क, दार उघडं. घासायचं तर वॉटर पेपरनं पाण्यातच, कोरडी धूळ उडवायची नाही. मला मास्क घातलेला बघून खालच्या काकू ‘काय रे, परत आला की काय कोरोना?’ म्हणाल्या. आला तर आला म्हटलं.

पावसाळा संपायची वाट बघताना बाकड्याच्या मागं लागलो. बाकडं सनबोर्डाचं केलं होतं, वरचा दांडा तारेचा. साचा उत्तम घेतला आणि मास्टर काढायला गेलो तर सनबोर्डाची कापलेली कडच निघून रबरात राहिली. सनबोर्ड वरून गुळगुळीत, पण कापला की आत जाळीदार. रबर त्या भोकांत शिरून घट्ट बसलं. साच्याचं वाटोळं आणि बाकड्याचंही. दुसऱ्या बाकड्याला सगळ्या कडांना गाडीच्या डेंटिंगवाल्यांकडची एनसी पुट्टी, मग घासणं, मग प्रायमरचे दोन हात. सिलिकॉन इतकं बारीक टिपतं की मास्टरवर चमक असली तर साच्यात चमक येते, आणि माझ्या बोटाचा ठसा एका बाकड्याच्या पाठीवर अजून आहे, प्रत्येक प्रतीत.

इथंही अण्णांचाच प्रश्न आधी विचारला: सुटणार कुठून? बाकडं म्हणजे बसायची पाटी आणि उभी पाठ. पाय मी नंतर तारेचे लावणार होतो. बाकड्याचा खालचा भाग कुणी बघत नाही. तेव्हा रेझिन तिथूनच ओतायची, म्हणजे बाकडं साच्यात डोक्यावर उभं. हे जमल्यावर दुसरा फायदा लक्षात आला. हवा वर जाते. बाकडं सरळ उभं ओतलं असतं तर हवा पाठीच्या वरच्या कोपऱ्यांत कोंडली असती, नेमकी जिथं सगळ्यांची नजर जाते तिथं. उलटं धरल्यावर ते कोपरे सगळ्यात खाली, रेझिननं आधी भरणारे; हवा निघते ती बुडाकडून. बुडाला दोन भोकं पडली तर पडोत.

साचा एकाच तुकड्यात ओतला आणि नंतर एका कडेनं ब्लेडनं चिरला, सरळ नाही, नागमोडी, म्हणजे परत मिटताना दातात दात बसावेत. त्याला रबरबँड. फार घट्ट लावला तर बाकडं बारीक होतं, सैल लावला तर चिरेतून झालर येते. तीन-चार प्रतींनंतर हाताला कळतं.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली. पॉलियुरेथेनचा नवा डबा आणला. या वेळी साचा अर्धा तास दिव्याखाली गरम ठेवला, लाकडी काडीऐवजी स्टीलचा चमचा, कागदी कपाऐवजी प्लॅस्टिकचा, डबा उघडला की लगेच झाकण. साच्यात आधी चिमूटभर शंखजिऱ्याची पूड भुरभुरून झटकून टाकली. तिच्यामुळं रेझिन खाचांच्या टोकापर्यंत सरकते, बुडबुडा अडून राहत नाही. ओतल्यावर साच्याला खालून टिचक्या मारल्या. पातळ काळ्या द्रवाचा रंग दोन मिनिटांनी बदलला, चकाकी गेली, साचा हाताला कोमट लागला. पंचवीस मिनिटांनी भिंती वाकवल्या.

टायर निघाला. भरीव, जड, वजन साडेचौदा ग्रॅम. खाचा स्वच्छ. मी तो दिव्यासमोर धरून किती वेळ फिरवत होतो कोण जाणे. त्या रात्री सात झाले, हौसेनं आणखी दोन केले. दोघांना कडेला बुडबुडे होते, ते मागच्या जोडीत आतल्या बाजूला जाणार हे जागीच ठरलं. बाकड्यांचा साचा अठरा-एकोणीस प्रतींपर्यंत धड राहिला, मग कोपऱ्यातून रबर फाटायला लागलं. विसावं बाकडं ड्रायव्हरमागं आहे, तिथं पार्टिशन येतं.

माझ्या ओळखीचे काही लोक बाजारातल्या किटच्या भागांचेच साचे घेतात आणि ओतून विकतात. मी ते करत नाही. कुणीतरी त्या मास्टरवर रात्री घालवलेल्या असतात, माझ्यासारख्याच.

टायर साबणाच्या पाण्यानं धुतले, काळ्यावर करडा पुसट हात, वर कोल्हापूर-गगनबावडा गाडीला शोभेल अशी घाटातल्या जांभ्याची तांबूस धूळ. दिवाळीच्या आधी चार दिवस गाडी उभी राहिली. तेव्हाच सात टायर एकत्र नीट बघितले आणि ती खोच दिसली. शेवटून तिसरी खाच, तिरकी. प्रत्येक टायरला, त्याच जागी, तशीच. रंगाखाली गेली नव्हती. साच्यानं मे महिन्यातली ती साडेबारा वाजताची रात्र जशीच्या तशी जपली होती.

आस सायकलच्या स्पोकचे आहेत, चाकं फिरतात. मी प्रत्येक टायर फिरवून खोच बरोबर खाली, टेबलाला टेकेल अशी केली. आता बघणाऱ्याला काही दिसत नव्हतं. उद्यमनगरातला लेथवाला येऊन बघून गेला, खूश झाला. नववीतलं पोरगं, आता दहावीतलं, वाकून बघून गेलं, काही बोललं नाही.

मग अण्णा आले. चष्मा पुसला, खुर्ची ओढून बसले. बाकडी बघितली, जाळी बघितली, पाटीवरचं ‘गगनबावडा’ वाचलं. मग एक बोट मागच्या बंपरला लावून गाडी हळूच टेबलावर पुढं ढकलली. वीतभर. सगळ्या टायरांच्या खोचा एकाच वेळी खालून वर आल्या, एका ओळीत, कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या.

अण्णांनी गाडी थांबवली. परत मागं ओढली, खोचा गेल्या. परत पुढं ढकलली, खोचा आल्या.

‘म्हंजे,’ ते म्हणाले, ‘ही गाडी ष्ट्यांडावरनं हालवायची न्हाई.’